बाईमाणूस मुराळी

आखाजी जवळ आली की आमच्या खानदेशात सासुरवाशिणींचे कान रस्त्याकडे लागतात. अक्षय्य तृतीयेला लेकीनं माहेरी जायचं, गौराई बसवायची, निंबाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणायची, आंब्याचा रस नि मांडे खायचे, ही आमच्याकडची चाल. पण लेक आपली आपण उठून जात नाही. तिला न्यायला भाऊ येतो, भाऊ नसला तर चुलतभाऊ. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर ती बाई सासरीच भांडी घासत राहते आणि सगळी आळी तिची कीव करते. त्या कीवेचा मला लहानपणापासून राग आहे.

माझे वडील तापानं गेले तेव्हा मी चार-पाच वर्षांची असेन. काकांनी जमीन ठेवून घेतली आणि आम्हा मायलेकींना बाहेर काढलं. आईचे आईवडील आधीच गेलेले, भाऊ तर तिला नव्हताच. कुणाकुणाच्या ओसरीवर दिवस काढत आम्ही नंदुरबारला एका म्हाताऱ्या बाईच्या दारी पोचलो. ती एका व्यापाऱ्याची विधवा, मूळची गुजराती. नवरा गेल्यावर तिनं आपलं राहतं घर आमच्यासारख्या निराधार बायकापोरांसाठी उघडं केलं होतं. तिला सगळे ‘बा’ म्हणत. बा तोंडाची फटकळ. आलेल्या बाईला आधी जेवू घालायची, काही विचारायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी चोळ्या शिवायला नाहीतर पापड लाटायला बसवायची. कुणी रडू लागलं तर म्हणायची, “रड, पन हात चालू दे.”

तिथल्या आमच्या पहिल्या आखाजीला गावातल्या भल्या मंडळींनी ठरवलं की या बायकांना माहेर नाही, तर त्यांची आखाजी इथंच करू. अंगणातल्या निंबाला झोका बांधला, लाडू पाठवले, एका गृहस्थानं भाषणसुद्धा ठोकलं. माणसं मनानं चांगली होती, पण झोक्यावर एकही बाई बसेना. बा वैतागली.

“बठतीस काब्र नही?”

आई खाली मान घालून म्हणाली, “बा, कोनी लेवाले ऊना नही, मंग आम्ही कसा बठूत?”

न्यायलाच कुणी आलं नाही, तर आम्ही माहेरपणाला आलो असं कसं म्हणायचं, एवढाच तिचा साधा प्रश्न होता. बानं लाडू आम्हा पोरांत वाटून टाकले. झोका आम्ही पोरांनीच खेळून खेळून तोडला.

त्या वर्षी कापूस वेचून झाल्यावर म्हसावदच्या एका शेतकऱ्यानं आईला मागणी घातली. त्याची बायको वारली होती. आमच्या जातीत विधवेचा पाट लावायची चाल होती. बा स्वतः जाऊन त्याचं घर बघून आली, आईबरोबर पोरीलाही नांदवीन असं त्याच्याकडून चारचौघांत वदवून घेतलं, आणि मगच हो म्हणाली. पाठवणीत आईला तिनं लुगडं दिलं आणि शिवणाची कात्री दिली.

नवे वडील अबोल पण मायाळू होते. घर चालायचं ते आईच्या सासूच्या शब्दावर. सासू कामाला वाघ आणि जिभेला तिखट. आईच्या हातच्या चोळ्या आळीत आवडू लागल्या तशी ती जरा निवळली होती. पण एकदा बायकांनी माहेराचं विचारलं, आणि आई थाप मारून बसली. म्हणे, भाऊ परमुलखात नोकरीला होता म्हणून मी बाच्या घरी राहिले. आता तो परत आलाय, आखाजीला न्यायला येईल. मला ते ऐकून धडकीच भरली. पाटाची बाई, बरोबर पहिल्या घरची पोर, आणि वर खोटारडी ठरली तर त्या घरात आम्हाला कोण विचारणार होतं?

आखाजी तोंडावर आली. शेजारपाजारच्या सुना एकेक करून भावांबरोबर गेल्या. आईनं गाठोडं बांधलं, मग सोडलं, मग परत बांधलं. सासू येता-जाता विचारायची, “काय वं, भाऊ कवय येई?” आई म्हणायची, “येई.” तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

शेवटी ऐन दुपारी दारात एक बैलगाडी थांबली. गाडीतून पांढऱ्या लुगड्यातली बा उतरली. त्या वयात, त्या उन्हात, सारंगखेड्याला तापी उतरून ती आली होती. पाय धुळीनं माखलेले, हातात सांजोऱ्यांची टोपली.

सासू दारात आडवी उभी राहिली. “भाऊ कोठे शे?”

आईच्या थापेची बाला काय कल्पना! “कोना भाऊ?” ती म्हणाली. “इले भाऊ नही. मी लेवाले ऊनू.”

आई दाराआड भिंतीला टेकली. मी तिचा पदर घट्ट धरला. सगळं संपलं असंच मला वाटलं.

“बाईमानूस कधी मुराळी ऱ्हास का?” सासू म्हणाली. आणि बा वर विधवा, हे ती बोलली नाही, पण तिच्या नजरेत होतं.

“नही ऱ्हास,” बा म्हणाली. “पन मन्ही आंडेर शे ती. आंडेरले भाऊ नही, म्हनीसन मी घर बठी ऱ्हाऊ का?”

आंडेर म्हणजे लेक. सासूनं आईकडे पाहिलं, मग बाच्या पायांकडे पाहिलं आणि आत निघून गेली. बा उन्हातच उभी. थोड्या वेळानं सासू बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन.

“पाय धवा, याहीन,” ती म्हणाली.

याहीण म्हणजे विहीण. सुनेच्या आईलाच असं म्हणतात. आईनं तोंडावर पदर घेतला. सासू तिच्यावर खेकसली, “उभी काय ऱ्हायनी? गाठोडं बांध.” भावाचा विषय तिनं पुन्हा जन्मात काढला नाही.

नंदुरबारला त्याच निंबाला नवा झोका बांधला होता. बानं आपल्या घरातून सासरी गेलेल्या आणखी दोघींकडे गाड्या धाडल्या होत्या, त्या दोघीही आल्या होत्या. आई झोक्यावर बसली आणि असा उंच झोका घेतला की मीच खालून घाबरून ओरडले. तिला गाणी येतात हे मला त्या दिवशी कळलं.

परत निघताना ती बाच्या गळ्यात पडून ढसढसा रडली. बा तिला थोपटत होती आणि स्वभावाप्रमाणे बोलतही होती, “पहिल्यांदा ऊनी तवय बी रडनी, आते जावाले बी रडस.”

आई डोळे पुसत गाडीत चढली आणि म्हणाली, “पुढला साल लवकर ये, माय.”