दिल्लीचा माणूस आणि चुलीवरचं दूध

आमच्या घरात आई आणि आण्णांचं भांडण जुंपलं की एक तिसरा माणूस मध्ये यायचाच. तो दिल्लीला असायचा आणि रेडिओवर मराठी बातम्या द्यायचा.

"काय बोलायचा बाई! शब्द न् शब्द सुटा," आई म्हणायची. "न्हाईतर तुमी. सदा तोंडात गुळनी धरल्यागत."

आण्णा यावर काहीतरी पुटपुटायचे. ते कुणालाच कळायचं नाही, म्हणजे तिचंच खरं व्हायचं.

आई आमच्या कोपरगावकडच्या गावातल्या सरपंचांची मुलगी. तिच्या लग्नाआधी गावात रेडिओ एकच, तोही चावडीच्या आतल्या खोलीत, कुलपात. बातम्यांच्या वेळी खिडकी किलकिली करायची आणि लोकांनी बाहेर पारावर बसून ऐकायचं. दहा हात लागले की यंत्र बिघडतं असं सरपंचांचं ठाम मत, म्हणून आत जायची मुभा फक्त रेडिओ लावणाऱ्या आण्णांना. बायका चावडीवर जात नसत. आई समोरच्या आपल्या ओट्यावरून ऐकायची आणि तिथंच त्या आवाजावर भाळली.

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

"आपल्या पाटाला पानी कवा सुटनार ते बी सांगायचा. आन् शेवटी म्हनायचा, 'ज्यांचं दूध चुलीवर असेल त्यांनी उतरवून घ्यावं.' लई येळा माजं दूध वाचवलं त्यानं."

अगं, दिल्लीच्या बातम्यांत तुझं दूध कुठून येईल? मी नगरच्या शाळेत पोरांच्या थापा पकडण्यात हयात घालवली. घरात असली थाप रोज ऐकायची म्हणजे काय! पण वाद घातला की आई एवढंच विचारायची, "तू हुतीस का तवा?"

आता दोघं नगरला माझ्याकडेच असतात. मध्यंतरी मला मोबाईलवर त्या काळातल्या बातम्यांची जुनी ध्वनिमुद्रणं सापडली. सकाळच्या चहाला मी जाहीर केलं, आज दुपारी सोक्षमोक्ष! आण्णांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

"जुनी मढी कशाला उकरतीस?" ते म्हणाले.

दुपारी माझा मोबाईल गायब. घरभर शोधला, तर आण्णांच्या उशीखाली. "मला काय म्हाईत," म्हणून ते भिंतीकडं तोंड करून बसले. मी गॅसवर दूध ठेवलं आणि तावातावानं पहिलं बातमीपत्र लावलं.

आधी खरखर, मग एक भारदस्त आवाज. कुठलं धरण, कुठली योजना, कोण परदेशी पाहुणे. आई पदर सावरून बसली होती.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली.

दुसरा लावला. "ह्यो बी न्हवं. ह्यो उपाशी हाय वाटतं."

तिसराही नमस्कार करून थांबला. आईनं वाट पाहिली. "दूध?"

"बघ! सांगत होते ना मी? असा माणूसच नव्हता, आई. तुझ्या मनाचे खेळ सगळे."

मला वाटलं ती भांडेल. ती भांडली नाही. तिचे डोळे भरून आले. "आसंल बाई," ती म्हणाली. "म्हातारपनी डोस्कं चालंना झालंय माजं." मला माझ्या जिभेचा असा राग आला म्हणून सांगू! आई भांडते तेव्हाच घर कसं जागेवर असतं.

तेवढ्यात आण्णा उठून उभे राहिले. दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि मी जन्मात न ऐकलेल्या, खणखणीत आवाजात म्हणाले, "आणि आता शेवटी. ज्यांचं दूध चुलीवर असेल, त्यांनी उतरवून घ्यावं."

गुडघेदुखीची माझी आई एका झटक्यात उठून आत धावली. करपल्याचा वास मला नंतर आला. ती परत आली तेव्हा सांडशी तिच्या हातातच होती.

"तुमी?"

"ब्याटरी उतरायची," आण्णा पुटपुटले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रेडिओची बॅटरी कोपरगावला सायकलवर नेऊन भरून आणायची असे. आण्णा ती दुकानात टाकायचे, तंबूतला सिनेमा बघायचे आणि परतीच्या घाईत अर्धीच भरलेली घेऊन यायचे. बातम्या मध्येच बंद. बाहेर पारावर अख्खा गाव, त्यात सगळ्यांत पुढं सरपंच. मग हे खिडकीआडून रॉकेल ओतायचं नरसाळं तोंडाला लावून उरलेल्या बातम्या स्वतःच द्यायचे. देशाचं जपून, गावाचं मनसोक्त. पाटाच्या पाण्याची बातमी आली की सरपंच म्हणायचे, दिल्लीला आपली लई काळजी हाय! आणि खिडकीतून समोरच्या ओट्यावरची चूल दिसायची. चुलीवरचं दूधही.

"तुज्या बापाला कळलं असतं तर जावई केला असता व्हय मला?" आण्णा म्हणाले. "मंग सांगायचं र्‍हाऊनच गेलं."

मला वाटलं आई आता हसत सुटेल. ती कडाडली.

"आन् मंग येवढी वर्सं माज्याशी आसं का न्हाई बोललात?"

आण्णा खाली बघत म्हणाले, "तू सारखं त्याचंच कवतिक करायचीस. म्हनलं, आपल्याला काय त्याच्यावानी जमायचं न्हाई."

आईनं सांडशी बाजूला ठेवली, स्टूल ओढून त्यांच्या अगदी समोर बसली आणि पदर सावरला.

"तो मोबाईल बंद कर," ती मला म्हणाली. आणि त्यांना, "हं. बोला आता."

आण्णांनी घसा खाकरला. एकदा खाकरला, पुन्हा खाकरला. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "घरात नरसाळं हाय का गं?"