आधी रक्त, मग सलाईन

आमच्या हसनाबादेत ताप आला की आधी सलाईन. बाटली लागली म्हणजे इलाज झाला, अशी सगळ्यांची समजूत. धाकट्या जावेच्या बाबतीत आम्हीही तेच केलं होतं. दीर एचआयव्हीनं गेले, मागोमाग तिलाही तोच आजार निघाला. ताप भरला तेव्हा गावातच सलाईन, इंजेक्शनं झाली आणि ती पार खचल्यावर जालन्याला नेलं. तिथं रक्त तपासलं, तर काहीच सापडलं नाही. जंतू रक्तात असणार, पण इंजेक्शनांनी दबलेत, त्यामुळे कोणते ते कळत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. अंदाजानं औषध दिलं. ती वाचली, पण जेमतेम. त्यानंतर एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या. पुन्हा ताप आला तर गावात न थांबता तडक इकडे या, असं त्यांनी बजावलं.

घरी आल्याबरोबर मी पिशवी भरून खुंटीला लावली. केसपेपर, गोळ्या, लुगडं, चादर, तांब्या. जीपवाल्याला सांगून ठेवलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत तिला पुन्हा हुडहुडी भरली. मी पिशवी काढली, तर सासूबाई दारात आडव्या. त्यांनी गावातल्या डॉक्टरला आधीच बोलावलं होतं.

“अशीच नेती का तिला? एक बाटली लागू दे, ताकद येईल. मंग जा.”

मी तोंड उघडणार तोच जाऊ खाटेवर उठून बसली. सासूबाईंपुढं तिनं कधी मान वर केली नव्हती.

“आत्याबाई, मागच्या बारीला त्या बाटली-इंजेक्शनांनीच रक्तातला चोर लपला. आधी रक्त घेऊ द्या. मला मरायचं न्हाई.”

सासूबाई बाजूला झाल्या. डॉक्टर आला तसा परत गेला.

जालन्याला पोचताच, गावात काहीच दिलेलं नाही, हे जावेनंच नर्सला सांगितलं. नर्सनं दोन्ही हातांतून रक्त घेतलं आणि लगेच औषध चालू केलं. या खेपेला जंतू सापडला. डॉक्टरांनी औषध बदलून त्या जंतूला लागू पडणारं दिलं, ताप उतरला. दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांची वेळ मी एकदाही चुकू दिली नाही.

पुढच्या वेचणीला जाऊ शेजारच्या ओळीत माझ्या इतकी पुढं होती, की मला गाठता येत नव्हती. सासूबाई आता गल्लीत कुणाचंही अंग तापलं की आधी रक्त तपासायला सांगतात. गावातला डॉक्टर वैतागतो. पिशवी अजून त्याच खुंटीला आहे. ती आता जाऊच भरते. मी फक्त एकदा तपासून बघते, आणि त्यात कधी काही कमी निघत नाही.