गडग्यातली रिकामी जागा

मी महाडच्या शाळेत चित्रकला शिकवतो. फळ्यावर गोल, चौकोन, त्रिकोण काढून आकार शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली.

एकदा वरंधच्या रस्त्यावर एसटी बंद पडली. बाजूच्या शेतात एक बाई दरडीत ढासळलेला कुंपणाचा दगडी गडगा पुन्हा रचत होती. ती गडग्यातल्या खाचेवरून बोटं फिरवायची, उठून ढिगाऱ्याकडे जायची आणि एकच दगड घेऊन यायची. तो नेमका बसायचा. वेळ जात नव्हता, म्हणून मीही एक छान चौकोनी दगड नेऊन दिला. बसला नाही. दुसराही नाही.

माझ्या काखेतली चित्रांची गुंडाळी बघून ती म्हणाली, "दगड काय बघताय, गुरुजी? मधली जागा बघा. कसला दगड पायजे, ती जागाच सांगते."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात टेबलावर खुर्ची ठेवली आणि सांगितलं, खुर्ची काढू नका, तिच्या पायांमधली, दांड्यांमधली रिकामी जागा तेवढी रंगवा.

"मला चित्र नाय येत," म्हणून रोज कागद कोरा देणाऱ्या मुलीने चार मोकळे तुकडे रंगवले. मग कागद लांब धरून ती बघतच राहिली. त्यावर खुर्ची उभी होती.