अळणी वरण

मी इथे सहसा काही लिहीत नाही. आज सकाळी आमच्या नंदनवन भागातल्या दवाखान्यात बीपी मोजलं. डॉक्टर म्हणाले, मीठ सोडा, वजन उतरवा. घरी येऊन स्वतःपुरतं अळणी वरण शिजवलं आणि बाबा आठवले.

ऐंशी सालच्या सुमारास आम्ही खाप्याला राहायचो. बाबांना लकवा झाला, डावी बाजू गेली. अंगाने ते भारी होते, उठवून बसवायला दोघं लागायचे. डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं, तर आईने साऱ्या घराचाच स्वयंपाक अळणी केला.

"जेलातही याहून बरं जेवण भेटत असन," बाबा म्हणायचे.

"जेलात जायले पाय लागतात. आधी चालून दाखवा, मंग टाकतो मीठ," आई म्हणायची.

बाबा अर्ध्या तोंडाने हसायचे आणि जेवायचे. वजन उतरलं, पण ते काही उभे राहिले नाहीत.

त्यांच्या तेरवीला पाहुण्यांसाठी वरणात मीठ पडलं. आईने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "खारट झालं," म्हणाली. दुसऱ्या कोणालाच ते खारट लागलं नव्हतं.

माझी बायको जाऊन आता वर्ष होईल. आज ते वरण माझ्या घशाखाली उतरलं नाही. माझंही वजन उतरेल कदाचित, पण पुढे काय, ते कळत नाही. बाबांसमोर आई तेच वरण जेवत बसायची.

तुमच्या घरी ज्याचं मीठ बंद आहे, त्याच्यासोबत कोण जेवतं?