तळ्यासकट घर

आमचं मालक बांगलादेशाला जाऊन आलं आन् आख्ख्या चाळीचं डोकं फिरलं. बहात्तर सालातली गोष्ट. तितं लढाई होऊन गेल्याली, गिरण्या बंद पडल्याल्या. माग दुरुस्त करायला सोलापूरच्या गिरणीतनं चार फिटर धाडले, त्यात हे. घरात ह्यांना स्वतःची टोपी सापडत न्हाय, पण माग बिघडला की नुस्त्या आवाजावरनं सांगत्यात, कुटं दुखतंय त्याचं!

हिकडं आमी दुष्काळात. नळाला तीन दिवसाआड पाणी, त्येबी करंगळीएवढं. आन् हे तीन महिन्यांनी आलं, उंबऱ्यावर बसलं आन् सांगाय लागलं, की तितं नदीचा पल्याडचा काठच दिसत न्हाय.

शेजारची गोजरबाई म्हणली, "सिदूभावजी, थापा मारताय!"

"तुमची शपथ, वैनी! बाजाराला होडीतनं जात्यात. परतेक घरामागं तळं. एक तांब्या घासायला बायका चार घागरी पाणी वतत्यात."

"अगं बाई बाई!" गोजरबाईनं कपाळाला हातच लावला.

माणसंबी लई गुणाची म्हणं. ह्यांच्या घशात माशाचा काटा अडकला तर आख्खी गल्ली भाताचं गोळं घेऊन धावली. स्वतःच्या घरात मूठभर तांदूळ, तरी पावण्याला आदी वाढायची. लढाईचं इचारलं की मात्र हे तंबाखू मळाय लागायचं.

तितल्या गिरणीच्या सायबांनी ह्यांना कायमचं बोलावलं हुतं. बायकापोरं घेऊन या, घर देतो, मागं तळं हाय. शनिवारपातुर पत्रानं कळवायचं. मी तर मनानं कवाच जाऊन पोचले! भाषा येत न्हाय तर न्हाय, मैंदर्गीच्या जावेची कानडी तरी कुटं कळतीया मला? पण हे हू का चू करंनात.

शुक्रवारी माझं टाळकं सटकलं. "जायाचंच नव्हतं तर मला त्या पाण्याचं सांगितलंच कशाला?"

हे तंबाखू मळाय लागलं. मग मीच जरा नमतं घेतलं. "बरं, त्या घराचं सैपाकघर कसं हाय, ते तरी सांगा."

"मोठं हाय. चूल हाय. पाटा-वरवंटा हाय."

"आन् आदीची बाई पाटा टाकून गेली? लई उधळी दिसतीया!" मी हसले. माझा पाटा मी करकंबच्या माहेरनं आणल्याला. वरच्या खोलीतनं खाली ऱ्हायला आलो, तवाबी पयला त्योच हलला.

हे हसलं न्हाईत. खाली बघत म्हणलं, "पाट्यावर हळद वाटल्याली हाय, मायाक्का. निम्मी वाटल्याली. तशीच वाळून गेलीया. घरची माणसं कुटं गेली, कुणी सांगंना. मीबी दुसऱ्यांदा इचारलं न्हाय."

निम्मं वाटण टाकून कुठली बाई आपल्या मनानं उठंल? त्या न बघितल्या बाईसाठी मला रडूच फुटलं. तळ्याचं किती हरखून बोलत हुते मी, त्याची लाज वाटली.

ह्यांनी कागद काढला. "काय लिवू? पाणी लई हाय गं तितं."

"लिवा," मी डोळं पुसत म्हणलं, "ती बाई अजून पाट्यावरनं उठली न्हाय म्हणावं. तिच्या जागी मी कशी बसू?"