टाकीखालची चुंबळ

अणदूरच्या माणिकप्पा लोहाराला एक खोड होती. काम हातात यायच्या आधीच ते झालं म्हणून तो गावाला सांगून टाकायचा. बैलगाडीचं चाक अजून सुताराच्या दारात पडलेलं असायचं आणि हा पारावर बसून छाती ठोकायचा, "धाव अशी बसवतो, चाक मोडंल पन धाव निघायची न्हाय!" गंमत अशी की ते खरंही व्हायचं. लोखंडाची धाव तापवून लाल करायची, चाकावर चढवायची, वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळत जायचं, लाकूड कुरकुरायचं, आणि ती कुरकुर ऐकून माणिकप्पा खूश व्हायचा. "आवळलं ते जमलं," हे त्याचं ठरलेलं बोलणं. त्याच्या हातची वस्तू कधी हलली नाही, आणि त्याचा तोरा तर त्याहून नाही.

पण ह्या तोऱ्याच्या माणसाला एका जागी मान खाली घालायची सवय होती. ती जागा म्हणजे शेजारच्या तुळजाबाईचं घर. माणिकप्पा चालायला लागायच्या आत त्याची आई गेली होती. बाप दिवसभर भट्टीपुढं. मग पोराला भाकरी कोण देणार? तुळजाबाईनं दिली. आपल्या बाबूच्या ताटाशेजारी त्याचं ताट मांडलं आणि त्याचा गाजावाजा केला नाही. पहाटे ती जात्यावर बसायची, तेव्हा भिंतीअलीकडं माणिक पांघरुणात जागा असायचा. जात्यावरच्या ओवीत बाई आपल्या भावांची, लेकांची नावं गुंफते. तुळजाबाईच्या ओवीत बाबू यायचा. बाबू माझा असा, बाबू माझा तसा. माणिक कान देऊन ऐकायचा आणि कधीतरी आपलंही नाव येईल म्हणून वाट बघायचा. मोठा झाल्यावर हे सगळं आपण विसरलो, असं तो म्हणे. म्हणू दे बापडा. त्याच्या म्हणण्यावर किती भरवसा ठेवायचा ते आपल्याला ठाऊक आहे.

बाबूचे आता बाबूराव झाले होते. जमीनजुमला चांगला, विहिरीवर नवं इंजिन बसवलेलं. निजामी गेली, जहागिऱ्या गेल्या, आणि जहागीरदारांच्या मोटारी कुणाकुणाच्या दारात जाऊन पडल्या. त्यातली एक लांबलचक वॅगन बाबूरावांनी घेतली. मागचं अंग लाकडाचं, रंग उडालेला, पण इंजिन अजून दमदार. घेतली कशासाठी? तर आईसाठी. तुळजाबाईचे गुडघे धरले होते. बैलगाडीत चढणं तर सोडाच, घराचा उंबरा ओलांडतानाही ती "आई गं" म्हणायची. आणि तेरला तिच्या धाकट्या बहिणीच्या, धुरपदाबाईच्या नातीचं लग्न ठरलं होतं. त्या घरच्या हळदीची पहिली मूठ जात्यात घालायचा मान तुळजाबाईचा. धुरपदाच्या सगळ्या लेकींची हळद तिनंच दळली होती. आता नातीच्या हळदीला आपण नाही, ह्या विचारानं म्हातारी जेवणावरून उठायची.

मोटार आली खरी, पण तिचीही पायरी उंच. बाबूरावांनी सोलापूरच्या एका मिस्त्रीकडून तिच्या चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानींचे काही पाटे काढवले आणि गाडी खाली बसवून घेतली. इतकी खाली, की अंगणातल्या पाटावर बसावं तसं आत बसता यावं. बाबूराव हरखून घरी निघाले. वाटेत ओढ्यातल्या एका दगडानं खाली लोंबणारी पेट्रोलची टाकी खरवडली, फोडली, आणि सगळं पेट्रोल ओढ्याला वाहिलं. गावात गाडी शिरली ती बैलजोडीमागं. पुढं बैल, मागं वॅगन आणि तिचं स्टिअरिंग धरून बसलेले बाबूराव. गाव हसून हसून लोळायचंच काय ते बाकी राहिलं.

"माणिक, ह्याला काय इलाज?" बाबूरावांनी विचारलं. "गाडी वर उचलली तर आई चढायची न्हाय. खाली ठेवली तर टाकी टिकायची न्हाय."

माणिकप्पा गाडीखाली पाठीवर सरकला, इकडंतिकडं ठोकून बघितलं आणि बाहेर येऊन सगळ्या पारासमोर बोलला, "टाकीच वर घेऊ की! तुम्ही बिनघोर ऱ्हावा. तुळजामावशीला तेरला न्यायचा जिम्मा माजा."

झालं. शब्द गेला. घरी त्याची बायको अनसूया कंबरेवर हात ठेवून उभीच होती. "मोटारीचं नाव काडलं तवा हुशारी केली. आता भट्टीजवळ पेट्रोल आनलं तर म्या सरळ म्हायेराला जाती!"

"अगं, सोड्याच्या पान्यानं चार डाव धुतली टाकी. वास तरी येतोय का बग."

"नाक जळलं तुमचं धुरानं. तुमाला कशाचा वास येनार?"

तरी तीच भाता ओढायला बसली, हे सांगायला हवं. माणिकप्पानं मागच्या बाकामागच्या फळ्या कापल्या. गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या दोन लांब दांड्यांमध्ये टाकी हातभर वर चढवली. जुन्या बैलगाडीच्या दोन धावा सरळ केल्या, टाकीच्या पोटाखालून वळवल्या, टोकं दांड्यांना रिबिटांनी ठोकली आणि वरून फळ्यांची पेटी केली. आणि आवळलं! असं आवळलं की जणू टाकी आणि सांगाडा एकाच वेळी जन्माला आले असावेत. फुटलेल्या जागी कथलाचा डाग दिला, पाणी भरून बघितलं. थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी बाबूरावांनी गाडी नळदुर्गाच्या वाटेला काढली. जाताना झकास. येताना वेशीतच पेट्रोलचा वास सुटला. टाकीची शिवण उकललेली, आणि भर दुपारी थेंबांची माळ पारापर्यंत आलेली. पारावर किराणावाला बसप्पा होताच.

"का माणिकप्पा, आवळलं ते जमलं का?"

माणिकप्पानं वर न बघता उकललेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. उलगडा त्याला झाला होता, हेच वाईट. खड्ड्यात मोटारीचा लांब सांगाडा पिळवटतो. एक चाक वर, एक खाली. आणि त्यानं टाकी त्याला अशी आवळलेली, की सांगाड्याबरोबर तीही पिळली जायची. बैलगाडीच्या चाकाला जे मानवतं ते टाकीला मानवत नव्हतं. पण मग ढिली सोडायची कशी? सोडली तर आपटून आपटून आठ मैलांत चाळण होईल. परवा हळद. माणिकप्पा डोक्याला हात लावून बसला.

तुळजाबाई रोज काठी टेकत येऊन वॅगनच्या पायरीवर बसायची. पायरी तिच्या गुडघ्यांना बेतानं होती ना, तिला त्याचंच कौतुक. त्या दिवशीही आली. माणिकप्पाचं तोंड बघून म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं लेकरा. न्हाय जमलं तर न्हाय. धुरपदा काय रागावनार हाय व्हय?"

हे ऐकून माणिकप्पाला गलबलून आलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "मावशी, असं बोलू नगासा," तो कसाबसा म्हणाला.

म्हातारी वाकून गाडीखाली बघत होती. "ह्यात त्याल कशात ऱ्हातंय?"

"ही काय टाकी. हंड्यावानी."

"मंग हंड्याखाली चुंबळ कुठाय?"

"काय?"

"चुंबळ रं! आमी जलमभर नदीवरनं हंड्यावर हंडा आनला, तो काय डोस्क्याला बांधून आनला? डोस्क्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा. चालताना त्यो बी जरा डुलतो, आपन बी डुलतो. म्हून तर सांडत न्हाय. तू तर त्याला फाशी दिल्यावानी आवळलंस."

माणिकप्पा तिच्याकडं बघतच राहिला. मग असा हसत सुटला, की अनसूया चुलीपासून धावत आली, नवऱ्याला झालं तरी काय म्हणून. "चुंबळ! अगं, चुंबळ!" एवढंच तो सांगे.

त्यानं स्वतःच्या हातानं ठोकलेली रिबिटं छिन्नीनं उडवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपलं आवळलेलं सोडवलं, आणि तेही शीळ घालत. इंजिन आल्यापासून बाबूरावांच्या विहिरीवरची मोट गोठ्यात पडून होती. तिचं जाड, तेल पिऊन मऊ झालेलं कातडं त्यानं मागून आणलं. त्याच्या घड्या घालून टाकी आणि धावांच्या मध्ये चुंबळी बसवल्या. पुढची टोकं दांड्यांना पुन्हा पक्की ठोकली, मागं मात्र रिबिटाऐवजी जाड कडी अडकवली, म्हणजे सांगाडा पिळला तरी टाकी आपल्या जागी जराशी डुलेल. शिवणीला नवा डाग दिला. हातानं हलवून बघितली. हलली, बेतानं. माणिकप्पाच्या हातची हलणारी ही पहिलीच वस्तू, आणि तो तिच्याकडं बघून एखाद्या बाळंतिणीसारखा हसत होता.

हळदीच्या दिवशी झुंजुमुंजू होताच वॅगन निघाली. बाबूराव स्टिअरिंगवर, शेजारी नवं लुगडं नेसलेली तुळजाबाई, मागं लाडवांचे डबे, आणि टाकीवरच्या पेटीवर माणिकप्पा. त्यानं काय करावं? दर खड्ड्याला पेटीला कान लावावा, नाक खुपसावं. तुळजापुरात म्हातारीनं गाडीतूनच देवीला हात जोडले आणि लगेच लेकाला दटावलं, "हळू कशापायी चालवतोस? हळद वाळून जाईल!"

तेरच्या अलीकडं तेरणेच्या पात्रात मोठे गोटे. गाडी इकडून तिकडं कलली, फळ्या करकरल्या आणि मागं धाडकन आवाज झाला. "थांबवा!" माणिकप्पानं चालत्या गाडीतून उडी टाकली आणि तसाच ओल्या वाळूत पाठीवर पडून आत सरकला. टाकी चुंबळीत स्वस्थ बसली होती. कोरडी. लाडवांचा डबा कोलमडला होता, दुसरं काही नाही. "माज्या लाडवाचा जीव गेला आन् ह्याला टाकीची पडलीया," म्हातारी म्हणाली, आणि भर नदीत तिघंही हसत सुटले.

मांडवापुढं गाडी थांबली, तशी तुळजाबाई कुणाचा हात न धरता खाली उतरली. घरच्या पाटावरून उठावं तशी. धुरपदाबाई धावत आली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, लगेच भांडल्याही. "वाळलीस गं!" "तूच वाळलीस!" मग बायका जात्याभोवती जमल्या. पुरुष माणसं मांडवात बसली. माणिकप्पाही खांबाला टेकून बसला, वाळूनं भरलेला, दमलेला, तृप्त.

आत जातं घरघरलं. तुळजाबाईनं पहिली मूठ घातली आणि तिचा आवाज निघाला. तोच पहाटेचा, भिंतीपलीकडचा आवाज, जरा थकलेला:

"हळद दळीते मी, सोन्यावानी तिचा रंग,
बाबू न् माणिक ल्येक माझं, दोघं आल्याती माझ्या संग."

माणिकप्पाला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. पण बायकांनी ओवी उचलून धरली आणि तेच नाव पुन्हा आलं. इतक्या वर्षांची वाट ह्या मांडवात येऊन संपली होती, आणि आनंदानं त्याला बसवेना. तो उठला, कुणाकडं न बघता बाहेर गेला आणि सरळ वॅगनखाली शिरला.

थोड्या वेळानं बाबूराव शोधत आले. खाली वाकून त्यांनी विचारलं, "काय रं माणिक? गळती बिळती लागली का?"

"न्हाय, बाबूराव," माणिकप्पानं वंगणानं माखलेल्या बाहीनं डोळे पुसले. "टाकी कोरडी हाय. तुम्ही जावा आत. मावशीला म्हनावं, आनखी एक ओवी म्हन. म्या इथनं ऐकतो."