बातम्या आणि भाकरी

आमच्या सासऱ्यांचं, बलभीमरावांचं, ठाम मत होतं, की नात झोपते ती त्यांच्या बातम्यांमुळं. संध्याकाळी रानातून आले की ते टीव्ही लावायचे आणि सात महिन्यांच्या शिवांजलीला मांडीवर घ्यायचे. दिवसभर डोळा न मिटणारी पोरगी तिथं गपगार झोपायची. अख्ख्या ईट गावाला त्यांनी हे सांगून ठेवलं होतं. मी आत भाकरी थापत ऐकायची. दिवसभर तिला खांद्यावर घेऊन फिरणार मी, आणि नाव टीव्हीचं.

एकदा नणंदेच्या सासरची माणसं जेवायला आली, म्हणून पुरणपोळ्या केल्या. बाहेर टीव्ही चालूच होता, तरी शिवांजलीनं घर डोक्यावर घेतलं. सासऱ्यांनी चॅनेल बदललं, आवाज वाढवला, शेवटी पाहुण्यांसमोर स्वतःच बातम्या सांगून बघितल्या. रडणं काही थांबेना.

तेवढ्यात नणंदेची सासू म्हणाली, "मला गोड चालत न्हाय गं. माझ्यापुरती एक भाकर टाक."

मी ज्वारीचं पीठ मळलं आणि काठवटीत थापायला लागले. थप थप आवाज सुरू झाला, तसं बाहेरचं रडणं थांबलं. भाकरी तव्यावर पडेपर्यंत पोरगी झोपली होती. सासरे दारात येऊन माझ्या हातांकडं बघत राहिले.

आता संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर मी बसते. आत काठवटीपुढं सासरे असतात. त्यांची भाकरी तव्यावर टाकताना हमखास तुटते. पण थाप चांगली पडते. पोरीच्या आधी माझाच डोळा लागतो.